योसेमिटीच्या खोऱ्यात राहुटीपुरती जागा

राहुटी ठोकून रानात चार दिवस काढणे ही जगातील सर्वांत सोपी मौज, असा आपला सर्वसाधारण समज असतो. कापडाचे एक पाल, दोन सतरंज्या, एक पातेले, एक काडेपेटी आणि डोक्यावर मोकळे आकाश. याहून तिला अधिक काय लागावयाचे? परंतु अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॅलिफोर्निया राज्यात योसेमिटी नावाचे जे राष्ट्रीय उद्यान आहे, तेथे उन्हाळ्यातील एका रात्रीपुरती राहुटीची जागा मिळवावयाची म्हटले, तर चार-पाच महिने आधी, ठरलेल्या तारखेस व ठरलेल्या घटकेस संगणकापुढे सज्ज बसावे लागते, आणि इतके करूनही बहुतेकांच्या पदरी निराशाच येते. असे का व्हावे, त्यावर कोणकोणते उपाय योजण्यात आले आणि त्या प्रत्येक उपायात कोणाचे साधले व कोण मागे राहिले, याचा थोडा विचार येथे करावा असे आम्ही योजिले आहे. विषय सातासमुद्रांपलीकडचा खरा. तथापि चतुर्थीला गावी जाण्यासाठी ज्यांनी कधी आगगाडीचे तिकीट काढून पाहिले आहे, त्यांना तो अगदीच परका वाटणार नाही.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊ. सिएरा नेवाडा पर्वतराजीत प्राचीन काळी हिमनद्यांनी कोरून काढलेले हे एक खोरे आहे. मर्सेड नावाची नदी त्याच्या तळाशी वाहते. दोन्ही अंगांना ग्रॅनाइटच्या उभ्या भिंती आहेत, आणि त्यांपैकी एल कॅपितान हा एकच कडा पायथ्यापासून सुमारे ९०० मीटर ताठ उभा आहे. योसेमिटी धबधबा आपल्या तिन्ही टप्प्यांत मिळून ७३९ मीटर कोसळतो. आपल्या दूधसागराची उंची ३१० मीटर सांगतात. तिच्या दुपटीहूनही हा अधिक उंच. (मात्र उन्हाळा सरत आला की हा धबधबा पुष्कळदा कोरडा पडतो, हे आमच्या दूधसागराच्या अभिमान्यांनी समाधानासाठी लक्षात ठेवावे.) हे सारे वैभव ज्या भूमीवर उभे राहून पाहावयाचे ती सपाट भूमी मात्र अगदी थोडी आहे. खोऱ्याची लांबी सुमारे १२ किलोमीटर आणि रुंदी जास्तीत जास्त दीड किलोमीटरच्या आसपास. पुढील सर्व कथेचे मूळ या अरुंदपणात आहे.

या खोऱ्यात फार पूर्वीपासून आवानीची नावाचे मूळ रहिवासी राहत असत. १८५१ साली मारिपोसा बटालियन या नावाची सशस्त्र टोळी तेथे शिरली आणि त्यांची वस्ती तिने उद्ध्वस्त केली. पुढे १८६४ साली अध्यक्ष लिंकन यांच्या सहीने झालेल्या कायद्यान्वये हे खोरे सर्व जनतेच्या विहारासाठी राखून ठेवण्यात आले आणि १८९० साली भोवतालच्या प्रदेशाचे राष्ट्रीय उद्यान झाले. ‘सर्व जनतेसाठी’ या शब्दांची सुरुवात काही जनांना घराबाहेर काढूनच झाली होती, हे येथे नमूद केल्यावाचून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

१९०३ सालच्या मे महिन्यात अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी निसर्गप्रेमी लेखक जॉन म्यूर यांच्यासमवेत येथे तीन रात्री उघड्यावर काढल्या. एका रात्री तर त्यांच्या अंथरुणावर बर्फ पडले, आणि त्याचीच रूझवेल्टना मोठी मौज वाटली. त्यांना कोणी नोंदणीचा क्रमांक विचारला नाही. आणि ते राष्ट्राध्यक्ष होते एवढेच काही त्याचे कारण नव्हे. त्या काळी खोऱ्यात येणारा प्रत्येक जण मन मानेल तेथे पाल ठोकीत असे. १९१३ साली मोटारगाड्यांना खोऱ्यात प्रवेश मिळाला आणि चित्र पालटू लागले. १९५४ साली वर्षभरातील भेटींची संख्या प्रथमच दहा लाखांवर गेली. २०१६ साली तिने पन्नास लाखांचा आकडा ओलांडला, आणि २०२४ सालीही ती चाळीस लाखांहून अधिक होती.

आता दुसऱ्या बाजूचा आकडा पाहावा. खोऱ्यात मोटार घेऊन जाऊन राहुटी ठोकता येईल असे तीन मुख्य तळ आहेत: अपर पाइन्स, लोअर पाइन्स आणि नॉर्थ पाइन्स. तिन्ही मिळून राहुट्यांच्या जागा चारशेच्या आतच भरतात. एका जागेवर सहांहून अधिक माणसांना राहता येत नाही. म्हणजे सर्व जागा भरून गेल्या तरी एका रात्री फार तर २,४०० माणसे तेथे निजू शकतात. आणि उन्हाळ्यातील एकेका महिन्यात उद्यानाला होणाऱ्या भेटी पाच लाखांच्या आसपास असतात! प्रत्येक कुटुंबाने दोनच रात्री मुक्काम करावयाचा असे धरले, तरी महिन्यास सहा हजार कुटुंबांची सोय होते. कुटुंबाने सात रात्री काढल्या तर दीड-दोन हजारांच्या आतच आकडा थांबतो. (उन्हाळ्यात या खोऱ्यात सात रात्रींहून अधिक राहण्यास मनाई आहे, ती याचसाठी.) गणिताच्या तासाला ज्यांना त्रैराशिक रुक्ष वाटते, त्यांनी ते असे मांडून पाहावे.

मग जागा का वाढवीत नाहीत, असा प्रश्न कोणाही विचारी विद्यार्थ्याच्या मनात येईल. याचे पहिले उत्तर झाडांच्या मुळांशी आहे, आणि हे शब्दशः घ्यावयाचे. १९३० च्या सुमारास ई. पी. मायनेके नावाचे एक वनस्पतिरोगशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियातील जुन्या वृक्षांचा अभ्यास करीत होते. माणसे वृक्ष तोडीत नव्हती, जाळीत नव्हती. तरीही लोकप्रिय तळांवरील झाडे खंगत चालली होती. मायनेके यांना आढळले की पावलांनी आणि मोटारींच्या चाकांनी माती चेपून दगडासारखी होते, तिच्यात पाणी व हवा मुरत नाही आणि वरवर पसरलेली बारीक मुळे मरतात. लोक ज्या सावलीसाठी येत होते, ती सावलीच त्यांच्या येण्याने नाहीशी होत होती. यावर त्यांनी उपाय सांगितला तो असा: तळातून एकाच दिशेने जाणारा वळणाचा रस्ता काढावा, त्याला ठराविक अंतरावर मोटारीपुरते फाटे द्यावे, प्रत्येक फाट्याशी एक मेज, एक चूल आणि राहुटीपुरती जागा नेमून द्यावी, आणि मोटारीने ती हद्द ओलांडू नये म्हणून कडेला मोठे धोंडे किंवा ओंडके टाकावे. आज साऱ्या अमेरिकेत राहुटीचा जो क्रमांकित तळ दिसतो, तो या योजनेचा वंशज आहे. तेव्हा जागेला क्रमांक आला तो वृक्षांच्या रक्षणासाठी. परंतु जेथे क्रमांक आले तेथे ते संपण्याची वेळही येणारच. मोकळे रान कधी ‘भरले’ असे म्हणता येत नाही. क्रमांक घातलेले रान मात्र भरते.

दुसरे उत्तर नदीने दिले. १९९७ सालच्या जानेवारीच्या आरंभी उबदार पाऊस साचलेल्या बर्फावर पडला, बर्फ वितळले आणि मर्सेडला प्रचंड पूर आला. उद्यान दोन महिन्यांहून अधिक काळ बंद ठेवावे लागले. नदीकाठचे अपर रिव्हर आणि लोअर रिव्हर हे दोन मोठे तळ त्या पुरात गेले, आणि पुराच्या पात्रात पुन्हा वस्ती करू नये या विचाराने ते पूर्वीच्या रूपात परत उभारले गेले नाहीत. खोऱ्यातील राहुट्यांच्या शेकडो जागा अशा एका आठवड्यात कायमच्या कमी झाल्या. इकडे येणाऱ्यांची संख्या मात्र वाढतच राहिली. बरे, नदीपासून दूर सरकावे, तर तिकडे कडे आहेत. २००८ सालच्या ऑक्टोबरात ग्लेशियर पॉइंटच्या कड्यावरून दरड कोसळली आणि तिच्या पायथ्याशी असलेल्या वस्तीतील दोनशेहून अधिक तंबू व खोल्या धोक्याच्या म्हणून कायमच्या बंद कराव्या लागल्या. एकीकडे पूर, दुसरीकडे दरड, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत रस्ते, झाडे, कुरणे, अस्वले आणि माणसे. व्यवस्थापकांवर कंजूषपणाचा आरोप करणे सोपे आहे. पण नकाशा पुढे ठेवला की तो आरोप फार वेळ टिकत नाही.

तेव्हा जागा थोड्या व मागणारे पुष्कळ, ही स्थिती पालटावयाची नाही हे मान्य करूनच पुढे जावे लागते. उरतो तो वाटपाचा प्रश्न, आणि खरी अडचण तेथेच आहे.

सध्याची पद्धत अशी आहे. केंद्र सरकारच्या रिक्रिएशन डॉट गव्ह या संकेतस्थळावर दर महिन्याच्या १५ तारखेस, तेथील वेळेप्रमाणे सकाळी सात वाजता, एका महिन्याच्या जागा एकदम खुल्या होतात. १५ फेब्रुवारीस १५ जून ते १४ जुलै या काळातील, १५ मार्चला १५ जुलै ते १४ ऑगस्टपर्यंतच्या, असा क्रम असतो. सातच्या ठोक्याला हजारो माणसे एकाच वेळी बोट दाबतात आणि काही मिनिटांत, कधी तर त्याहूनही लवकर, उन्हाळ्यातील सर्व जागा संपतात. घरातील नवरा, बायको, मुले, शेजारी असे पाच-सहा जण निरनिराळ्या संगणकांवर बसतात. त्यांतील एखाद्याला जागा मिळते. यात कौशल्य कशाचे असते? रानात वावरण्याचे तर नव्हेच. तंबूची दोरी ताणता येणे, ओल्या काटक्या पेटवता येणे, अस्वलाला वास लागू नये म्हणून शिधा लोखंडी पेटीत बंद करण्याची शिस्त असणे, यांतील काहीही येत नसले तरी चालते. जलद जोडणी आणि चपळ बोट असले की पुरे.

महिन्याच्या जागा एकदम खुल्या करण्यामागेही एक कारण आहे, आणि ते मनुष्यस्वभावावर चांगला प्रकाश टाकते. काही उद्यानांत रोज एकेक दिवस पुढे सरकणारी पद्धत होती व आहे: आजपासून बरोबर सहा महिन्यांनंतरचा दिवस आज खुला होतो. वरकरणी ही पद्धत न्याय्य दिसते. परंतु चतुर लोकांनी तिच्यातली फट हेरली. समजा, एखाद्यास शुक्रवार-शनिवारची जागा हवी आहे. शुक्रवार खुला होण्याची वाट पाहत बसला तर त्याला शेकडो स्पर्धक. म्हणून तो आधीच्या सोमवारीच, सोमवारपासून शनिवारपर्यंतचा सलग मुक्काम नोंदवतो आणि नंतर सोमवार ते गुरुवार रद्द करून टाकतो. अशा रीतीने शुक्रवार उजाडण्यापूर्वीच शुक्रवार संपलेला असतो. ही पळवाट बंद करावी म्हणून गठ्ठ्याने जागा सोडण्याची युक्ती निघाली. तिने ती पळवाट बरीच बुजली, पण सारी गर्दी एका क्षणावर येऊन आदळू लागली.

दुसरी एक गोष्ट पैशाची. २०२४ साली या तळांवर एका जागेचे एका रात्रीचे शुल्क ३६ डॉलर होते. त्याच खोऱ्यात १९२७ साली बांधलेल्या प्रसिद्ध हॉटेलात एका रात्रीस याच्या दहापट आणि त्याहूनही अधिक पडते. राहुटीचे शुल्क जाणूनबुजून कमी ठेवले आहे. सार्वजनिक भूमीवर सामान्य कुटुंबास राहता यावे हा त्यामागचा हेतू, आणि तो आम्हांस सर्वथा योग्य वाटतो. परंतु हेतू चांगला असला तरी त्याची सावली पडतेच. नोंदणी रद्द करण्याचा भुर्दंड दहा डॉलर. तेव्हा जाऊ की नाही हे ठाऊक नसतानाही जागा धरून ठेवणे अनेकांना परवडते. एक कुटुंब जूनचाही आठवडा धरते आणि जुलैचाही. पुढचे पुढे पाहू म्हणते. काही जण तर रद्दही करीत नाहीत आणि येतही नाहीत. मग संकेतस्थळावर ‘सर्व जागा भरल्या’ अशी पाटी आणि प्रत्यक्ष तळावर संध्याकाळी रिकामी मेजे, असा विपरीत देखावा दिसतो. २०२३ साली कॅलिफोर्निया राज्याने आपल्या अखत्यारीतील राज्य-उद्यानांसाठी यावर कायदा केला: रद्द करण्यास जितका उशीर, तितके पैसे अधिक बुडावयाचे. योसेमिटी हे केंद्र सरकारचे असल्याने तो कायदा तेथे लागू नाही.

जेथे वस्तू स्वस्त व दुर्मिळ, तेथे दलालही आलेच. योसेमिटीतील जागा मूळ किमतीच्या कितीतरी पटीने विकण्याचे प्रकार उघडकीस आल्यानंतर, ज्याच्या नावावर नोंदणी आहे त्याने ओळखपत्रासह स्वतः हजर राहिलेच पाहिजे असा दंडक घालण्यात आला. तो आजही पाळला जातो. त्याची जागा आता नव्या व्यवसायाने घेतली आहे. कोणी नोंदणी रद्द केली की ग्राहकाच्या भ्रमणध्वनीवर तत्काळ सूचना धाडणाऱ्या खासगी सेवा मोबदला घेऊन चालतात. यात बेकायदेशीर काही नाही. मात्र जो पैसे देऊन पहारेकरी ठेवू शकतो त्याला सुटलेली जागा आधी कळते, एवढे खरे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पाच महिन्यांनी आपण कोठे असू हे आज खात्रीने सांगू शकतो असा मनुष्य कोण? ज्याची नोकरी कायमची आहे, ज्याची रजा आधी मंजूर होते, ज्याच्या घरी मोटार आहे आणि आज खर्च झालेल्या पैशांवाचून ज्याचे अडत नाही, तो. दुकानातील नोकर, रुग्णालयातील पाळीने काम करणारी परिचारिका, फळबागांत हंगामाप्रमाणे राबणारा मजूर यांना पुढच्या पंधरवड्याची पाळी ठाऊक नसते, मग पाच महिन्यांची गोष्ट कशाला? कॅलिफोर्नियाच्या ज्या मध्यवर्ती खोऱ्यात देशाला पुरणारी फळे व भाज्या पिकतात, ते योसेमिटीपासून मोटारीने काही तासांच्याच अंतरावर आहे. अंतराने सर्वांत जवळ असणारे हे लोक नोंदणीच्या दृष्टीने सर्वांत दूर पडतात. मोंटाना विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच तपासून पाहिले. राष्ट्रीय उद्यानांतील काही तळ निवडून, भ्रमणध्वनींच्या निनावी स्थाननोंदींवरून त्यांनी येणारे लोक कोणत्या वस्त्यांतून येतात ते पाहिले. आगाऊ नोंदणीच्या जागांवर उतरणारे लोक, आधी येईल त्याला मिळणाऱ्या जागांवर उतरणाऱ्यांपेक्षा, सरासरीने अधिक उत्पन्नाच्या वस्त्यांतून येतात असे त्यांना आढळले. शुल्क दोन्हीकडे सारखेच असले तरी हा फरक पडतो, म्हणून तो शुल्काने समजावून देता येत नाही.

मग रांगच बरी नव्हे काय? रांगेचा अनुभवही योसेमिटीला आहे. एल कॅपितानसारखे कडे चढणाऱ्या गिर्यारोहकांचा ‘कॅम्प फोर’ हा तळ फार काळ नोंदणीवाचून चालत असे. गिर्यारोहणाच्या इतिहासात त्याचे स्थान इतके मोठे, की २००३ साली ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत त्याची नोंद झाली. तेथे मोटार राहुटीपाशी नेता येत नाही आणि एका जागेवर अनोळखी माणसेही एकत्र राहतात. पहाटेपूर्वी थंडीत येऊन दारात बसावयाचे, आठ-साडेआठला अधिकारी आला की रिकाम्या झालेल्या जागा क्रमाने मिळावयाच्या, अशी रीत होती. ज्याचे उद्याचे ठरलेले नाही अशा भटक्या तरुणाला ही रीत फार मानवली. परंतु लहान मुले घेऊन आठ तासांचा प्रवास करून येणाऱ्या आईबापांनी पहाटे चारला रांगेत बसावे कसे, आणि जागा न मिळाल्यास त्या रात्री जावे कोठे? रांगेचे मोल पैशात नव्हे, वेळात द्यावे लागते. आणि मोकळा वेळही सर्वांपाशी सारखा नसतो. पुढे रांगा इतक्या वाढल्या की २०१९ साली येथे उन्हाळ्यात रोजची सोडत काढून पाहण्यात आली, आणि त्यानंतर उन्हाळ्यापुरती एक आठवडा आधी नोंदणी करण्याची पद्धत आली.

सोडतीला कोणी पक्षपाती म्हणू शकत नाही. तिच्यात चपळ बोटाला महत्त्व नाही, पहाटेच्या जागरणालाही नाही. नॉर्थ पाइन्स तळासाठीही काही वर्षे आधी सोडत काढून भाग्यवंतांना नोंदणीची पहिली संधी देण्याचा प्रयोग झाला. तथापि सोडतीत एक गुण असाही नाही, जो रांगेत होता: जो अधिक मनापासून इच्छितो त्याला अधिक प्रयत्न करण्याची वाटच तीत उरत नाही. आम्हांस विचाराल तर, कोणत्याही एका पद्धतीच्या हाती सर्व जागा देणे हीच मोठी चूक आहे. याच उद्यानाच्या उंच भागात तुओलुमनी मेडोज नावाचा मोठा तळ आहे. २०२२ साली दुरुस्तीसाठी तो बंद झाला व २०२५ साली पुन्हा उघडला. बंद होण्यापूर्वी तेथे अर्ध्या जागा आगाऊ नोंदणीसाठी आणि उरलेल्या अर्ध्या त्याच दिवशी येऊन मागणाऱ्यांसाठी ठेवलेल्या असत. दूरच्या कुटुंबाला निश्चिती आणि जवळच्या अनिश्चित मनुष्याला आशा, अशी ती वाटणी होती. ज्याला पाच महिन्यांपूर्वी काहीच सांगता येत नव्हते त्याला पहाटे उठून का होईना, पण एक दार उघडे होते.

किती आधी नोंदणी घ्यावी हा प्रश्न आपल्याकडेही नुकताच येऊन गेला. भारतीय रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. कारण देताना रेल्वे मंत्रालयाने सांगितले, की ६१ ते १२० दिवस आधी काढलेल्या तिकिटांपैकी सुमारे २१ टक्के रद्द होत आणि चार-पाच टक्के प्रवासी तिकीट रद्दही न करता गाडीवर येतच नसत. मुदत जितकी लांब तितके अंदाजाने धरून ठेवणारे अधिक, हे तत्त्व राहुटीला लागू पडते तसेच आगगाडीच्या बाकालाही. याखेरीज आयत्या वेळच्या गरजूंसाठी तत्काळचा कोटा आहेच. त्याच्या वाट्याला जे दलाल आले त्यांची कथा मात्र स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळ घरांतील मुले-मुली कॅलिफोर्नियात नोकरीनिमित्त राहतात, आणि आईवडील भेटीस जाणार म्हटले की योसेमिटीचा बेत ठरतोच. अशा वेळी इकडच्या मंडळींनाही संगणकापुढे बसण्याची विनंती येते; कारण बोटे जितकी अधिक तितकी आशा अधिक. त्यांच्यासाठी एक उपयुक्त सूचना अशी, की पहिल्या दिवशी जागा न मिळाल्यास खटपट सोडू नये. मुक्कामाच्या तारखेच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत पुष्कळ जण नोंदणी रद्द करतात आणि आठवड्याच्या मधल्या दिवसांच्या एक-दोन रात्री अवचित मोकळ्या होतात. उद्यानाच्या सीमेबाहेरील सरकारी वनांतही राहुटीचे तळ आहेत. तेथून खोऱ्यात यावयास वेळ लागतो, पण रात्रीचे आकाश तेच असते.

आणखी एक गोष्ट घड्याळाची. तेथे मार्च महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सर्व घड्याळे एक तास पुढे सरकवतात. तो रविवार उशिरात उशिरा १४ तारखेस येतो. त्यामुळे १५ फेब्रुवारीस तेथे सकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात; १५ मार्चला मात्र तेथील सात म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. फेब्रुवारीचा अनुभव ध्यानात ठेवून मार्चमध्ये जो साडेआठला बसेल, त्याच्या वाट्याच्या जागा तासाभरापूर्वीच संपलेल्या असतील.